घर आणि शाळा : स्वाध्यायाची दोन दालने



मावळातील पाले येथे डोंगरात एक प्राचीन लेणे आहे. त्यातील ब्राह्मी लिपीतील लेखाचा प्रारंभ ‘नमो अरहंतानं’ या शब्दांनी होतो. डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी अभ्यासलेला हा लेख इसवी सनापूर्वीचा मानला जातो. भदंत इंद्ररक्षिताने लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, खोदविल्याची नोंद त्यात आहे. साधकाच्या निवाऱ्याबरोबर त्याच्या तहानेचाही विचार झाला होता. बालकाच्या शिक्षणात शाळा हे लेणे मानले, तर घर ही पोढी होय.

शाळांच्या इमारती, वह्या-पुस्तके आणि शिष्यवृत्त्या यांसाठी जैन समाजाचा हात कधी आखडला नाही. तथापि घर आणि शाळा यांत संवाद नसेल, तर ते दातृत्वही अपुरे पडते. मावळात आषाढ लागला की भातलावणीसाठी घरातील सारे हात खाचरात असतात. थोरली मुलगी लहान भावंडास सांभाळते आणि तिची शाळा बुडते. लोणावळ्यात पावसाळ्यातील शनिवार-रविवार हे पर्यटकांच्या गर्दीचे, म्हणजेच हॉटेलात, चिक्कीच्या दुकानात वा रिक्षावर राबणाऱ्यांच्या कमाईचे दिवस. पालकसभा नेमकी त्याच दिवसांत भरली, तर बाके रिकामी राहतात आणि ‘पालकांना आस्था नाही’ असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः वेळ चुकलेली असते. जी माता स्वतः शाळेत गेलेली नाही, ती सभेस आली तरी मागे बसते. कोणी काही वाचावयास सांगेल, ही धास्ती तिच्या मनात असते. तिचे मौन हीच तिची उदासीनता समजली जाते.

अनेकान्ताची शिकवण येथे उपयोगी पडते. शिक्षकास वर्गातील मूल दिसते, मातेस घरातील. वर्गात फळ्यावरील गणितापुढे अडखळणारा मुलगा आठवडी बाजारात वडिलांच्या भाजीचा हिशेब तोंडी करीत असेल, तर ते शिक्षकास कळले पाहिजे. घरी हट्टी वाटणारी मुलगी वर्गात दुर्बल सोबतिणीस सांभाळून घेत असेल, तर ते मातेच्या कानी गेले पाहिजे. दोन्ही दर्शने जुळली, तरच त्या बालकाची खरी ओळख पटते.

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचनेसाठी अक्षरज्ञान लागते. प्रश्न विचारण्यास आणि उत्तर ऐकून घेण्यास ते लागत नाही. ‘आज काय शिकलास, मलाही सांग,’ असे निरक्षर आजीनेही विचारले की पृच्छना घडते. सांगताना नातवाची उजळणी होते आणि जेथे तो अडतो, तेथे त्याचे त्यालाच उणे कळते. ‘श्रावक’ या शब्दाचा अर्थही ऐकणारा असाच आहे. याउलट, शाळेचा प्रकल्प आई-वडिलांनी रात्री जागून पुरा करणे, हे सहकार्य नव्हे. त्यात मुलाचे शिकणेच हिरावले जाते.

शाळेने घराकडे कसे जावे, याचा आदर्श महाराष्ट्राने पाहिला आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. पुढे 1957 मध्ये हे कार्य कोसबाड येथे गेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच शिक्षिका पाड्यावर गेल्या आणि अंगणवाडी भरू लागली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पालकांना दोष देण्याऐवजी शाळेने आपली जागा आणि वेळ बदलली.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. शासकीय व जिल्हा परिषदेच्या शाळांतील व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी त्यात तरतूद आहे. तथापि मागल्या बाकावरील माता बोलती झाली, तरच त्या तरतुदीस अर्थ.

सुवर्णमहोत्सवी न्यासाने आपल्या दानात या कार्यालाही स्थान द्यावे. मावळातील पालकसभा लावणीपूर्वी आणि सुगीनंतर भराव्यात. लोणावळ्यातील सभा कामाच्या सोयीने आठवड्याच्या मधल्या दिवशी. लावणीच्या दिवसांत लहान भावंडांच्या सांभाळाची सोय झाली, तर थोरलीची शाळा सुटणार नाही. वर्षातून एकदा तरी शिक्षकाने तक्रारीवाचून घरी जावे आणि बोलण्याचा आरंभ मुलाच्या गुणाने करावा. यास मोठा निधी लागत नाही. कार्यकर्त्यांचा वेळ मात्र लागतो, आणि तोही दानच आहे.

जय जिनेंद्र!