ओळखीची नोकरी आणि मुलाखतीची नोकरी

‘पोरगा शिकला हो, पण आपली कुठं ओळख नाही,’ हे बोल गावोगाव कानी पडतात. नोकरी ओळखीने मिळावी की मुलाखतीने? मुंबईच्या गिरण्यांचा अनुभव यावर पुष्कळ सांगून जातो.

मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली ती १८५४ साली. पुढे गिरण्या वाढल्या, कोकणातून, घाटावरून माणसे आली. त्यांना कामावर घेई तो जॉबर. बायकांच्या खात्यात नायकीण. जॉबर बहुधा आपल्या गावची, नात्यातली माणसे आणी. त्यात सोयही होती. नवख्या पोराला गावकऱ्यांच्या खोलीत पथारी टाकायला जागा मिळे, अडीनडीला उसने पैसे मिळत आणि मालकाला ओळखीचा भरवसा मिळे.

पण काम देणे ज्याच्या हाती, काढून टाकणेही त्याच्याच हाती! मग काम मिळवायला दस्तुरी, टिकवायलाही दस्तुरी. बिनओळखीचा मात्र दारातच उभा. नेमणुकीचा व बडतर्फीचा अधिकार जॉबरकडे ठेवू नये, असे शाही मजूर कमिशनने १९३१ च्या अहवालात सुचवले. १९३५ पासून मुंबईत बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आली. तरी जॉबरचे वजन एकदम गेले नाही.

मग मुलाखतच बरी का? तिथे अर्ज कोणालाही करता येतो, हा मोठा गुण खरा. पण दहा मिनिटांत माणूस कितीसा कळणार? चुरचुरीत बोलणारा पुढे सरकतो. विहिरीवरचे इंजिन खोलून जोडणारा पोरगा साहेबापुढे मुका होतो. शिवाय गुण देणाऱ्याच्या मर्जीने वशिला मागच्या दाराने आत येतो तो वेगळाच. म्हणूनच केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या खालच्या पदांच्या भरतीतून मुलाखत काढून टाकली.

म्हणजे ओळख अगदी टाकाऊ का? नाही. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवले, की नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखीतून अधिक येते. कारण उघड आहे. घरच्यांना जे ठाऊक, ते आपल्याला आधीच ठाऊक असते!

खेड्यातल्या मुलाची अशी लांबची ओळख म्हणजे त्याचा शिक्षक. तेव्हा गुरुजी, बाई, जागा निघाल्याची जाहिरात दिसली, की ती एकाच आवडत्या मुलाच्या कानात सांगू नका. शाळेच्या फळ्यावर लिहा. माजी विद्यार्थ्यांनाही कळवा. आणि संस्थाचालकांनो, शिक्षक निवडताना सर्व उमेदवारांना सारखेच प्रश्न विचारा, प्रत्येकाला वर्गावर एक पाठ घ्यायला लावा.

ओळखीने बातमी यावी, निवड मात्र कामाने व्हावी. एवढे सांभाळले, तर ज्याचे कुणी नाही, त्यालाही दार उघडे राहील.