जुनी मोटार आणि विकणाऱ्याचे मौन
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



संमेलनात निवृत्त शिक्षकाने उठावे आणि विद्येचे माहात्म्य सांगावे, असा प्रघात आहे. आज आम्ही तो मोडणार आहोत. आम्ही जुन्या मोटारीच्या विक्रीविषयी बोलणार आहोत, आणि त्याबरोबर आमच्या एका अपराधाची कबुलीही देणार आहोत.

२६ जुलै २००५ हा दिवस उपनगरांत कोण विसरेल? सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी फुगली. कुर्ला, कालिना, साकीनाका जलमय झाले. आमची मारुती ८०० त्या दिवशी कुर्ल्यास लालबहादूर शास्त्री मार्गावर उभी होती. ती खिडक्यांपर्यंत बुडाली. तिसऱ्या दिवशी दोराने ओढून ती घाटकोपरास आणली. गॅरेजवाल्याने इंजिन उघडून साफ केले, तेल बदलले, गाद्या उन्हात वाळविल्या. गाडी चालू झाली. तथापि तारांच्या सांध्यांवर हिरवट गंज चढू लागला होता आणि पायांखालच्या गालिच्यास चिखलाचा वास येत होता. हे आम्हांस पूर्णपणे ठाऊक होते.

डिसेंबरात बोरिवलीचा एक तरुण ज्ञातिबंधू गाडी पाहावयास आला. जेवणाचे डबे पोहोचविण्याचा धंदा त्याने नुकताच सुरू केला होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “गुरुजी, तुमच्या घरची गाडी, तिचं काय पाहायचं? काही असतं तर तुम्ही सांगितलंच असतं.” आम्ही हसलो, आणि चहा मागविला. तो गेल्यावर आमच्या मंडळींनी एवढेच विचारले, “पुराचं सांगितलंत ना?” आम्ही वर्तमानपत्र उघडले.

पुढील पावसाळ्यात रात्रीच्या वेळी द्रुतगती मार्गावर गोरेगावानजीक गाडी बंद पडली. आत त्याची वृद्ध आई होती. इंजिन व तारा मिळून चौदा हजारांचा खर्च आला, आणि पंधरा दिवस धंदा बसला. तो आमच्याकडे आला. पण तक्रार करावयास नव्हे. “माझंच नशीब, गुरुजी,” असे तो म्हणाला. त्याने आम्हांस शिव्या दिल्या असत्या तर त्या आम्ही सोसल्या असत्या. हे वाक्य सोसवले नाही.

त्या सुमारास एका वकील स्नेह्याने आम्हांस भारतीय करार कायदा दाखविला. तो १८७२ चा. तेव्हा मोटारी नव्हत्या, म्हणून त्याच्या १७ व्या कलमातील उदाहरणे घोड्याची आहेत. लिलावात घोडा विकणारा त्याचे व्यंग जाणूनही गप्प राहिला, तर तेवढ्याने ती फसवणूक ठरत नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर ते सांगणे त्याचे कर्तव्य होते. आणि तुम्ही नाकारले नाही तर घोडा धडधाकट आहे असे मी समजेन, असे घेणाऱ्याने म्हटल्यावर विकणारा गप्प राहिला, तर त्याचे मौन बोलण्यासमान होय.

बंधूंनो, त्या तरुणाने दुसरे काय म्हटले होते? आम्ही आयुष्यभर मुलांना सांगितले की खोटे बोलू नये. आम्ही बोललो नव्हतोच, एवढ्याच आधारावर सहा महिने सुखाने झोपलो.

आम्ही बोरिवलीस गेलो, सर्व सांगितले आणि चौदा हजार त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते घेतले. नंतर शांतपणे म्हणाला, “पैसे घेतो, गुरुजी. पण पुढची गाडी घेताना तुमच्याकडे येणार नाही.” हे सारे आज आम्ही त्याच्या संमतीने सांगत आहोत.

आता व्यवहाराचे चार शब्द. विकणाऱ्याने अपघात, पूर, दुरुस्ती यांची हकीकत तारखेसह कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि गॅरेजची बिले सोबत द्यावीत. भाव थोडा उतरेल, पण झोप शाबूत राहील. नमुना २९ व ३० भरून मालकीबदलाची नोंद विनाविलंब करावी. कारण नोंद बदलली नाही तर अपघाताच्या भरपाईचा भार नोंदणीकृत मालकावरच राहतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय आहे. घेणाऱ्याने गालिचा उचलून पाहावा, आसनांखालचे गंजलेले खिळे-बोल्ट पाहावेत, दारांच्या फटी सारख्या आहेत का आणि रंगाच्या छटा जुळतात का, हे दिवसाउजेडी पाहावे, आणि विम्याचा दावा कधी झाला होता का, हे स्पष्ट विचारावे. ज्ञातीचा माणूस आहे म्हणून विचारण्याचा संकोच करू नये.

आणि विकणाऱ्याने, ज्ञातीचा माणूस आहे म्हणून, विचारण्याची वाट पाहू नये. परक्याच्या बाबतीत कायदा मौनाला कदाचित क्षमा करील. परंतु ज्या सभागृहात आपण एकमेकांच्या मुलींना आपल्या मुली म्हणतो, तेथे त्या घोड्याचे व्यंग सांगणे प्रत्येकाचे कर्तव्यच आहे. किंबहुना परक्यासही ते सांगावे, हेच आम्ही वर्गात शिकवीत होतो.