वेठबिगारीचा पाठ



गुलामगिरी म्हटली की मुलांच्या डोळ्यांपुढे परदेशांतील साखळदंड उभे राहतात. आपल्याकडे ते काम सावकाराच्या वहीने केले. ठाणे जिल्ह्यातील वारली तरुण लग्नासाठी कर्ज घेई आणि त्यापोटी पतिपत्नी दोघेही धन्याच्या दारी राबत. अशांस ‘लग्नगडी’ म्हणत. हिशेब धन्याच्या हाती आणि गड्यास अक्षरओळख नाही. मग कर्ज फिटावे कसे? १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेत संघटित होऊन वारल्यांनी वेठ नाकारली.

संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली. १९७६ च्या अधिनियमाने वेठीस बांधणारी कर्जे रद्द ठरविली व वेठ लादणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास सांगितला. फरिदाबादच्या दगडखाणींतील मजुरांविषयी ‘बंधुआ मुक्ती मोर्चा’ने लिहिलेले पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानले आणि १९८३ साली त्यावर निर्णय दिला. पत्रलेखन शिकविताना हे अवश्य सांगावे.

आजही वीटभट्टीसाठी वा ऊसतोडीसाठी उचल घेऊन कुटुंबे गाव सोडतात. प्रत्येक उचल म्हणजे वेठ नव्हे. परंतु ती फिटेपर्यंत काम सोडण्याची मोकळीक नसेल, तर तेथे वेठ सुरू झाली असे समजावे.

हा पाठ गणिताच्या तासास उत्तम देता येतो. उचल, मजुरी, खाडे व कपात यांचे कल्पित उदाहरण फळ्यावर मांडावे आणि शेवटी विचारावे, “हा हिशेब लिहिला कोणी? मजुराने तो पाहिला काय?” मात्र एक पथ्य पाळावे. वर्गातील कोणा मुलाच्या घरच्या उचलीची चौकशी चारचौघांत करू नये. आपला पाठ त्याच्या आईबापांची मानखंडना ठरता कामा नये.

एखादे मूल शाळा सुटल्यावर घुटमळले, तर त्याचे ऐकून घ्यावे. पालकांशी एकांतात बोलावे आणि त्यांच्या संमतीने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज लिहिण्यास साहाय्य करावे. दिवाळीनंतर हजेरीत ज्याचे नाव मुके राहते, त्याच्यापुढे नुसती गैरहजेरी मांडून थांबू नये. ते मूल कोठे गेले याचा शोध घ्यावा. मुक्तीचा कायदा झाला आहे; तो वाचू शकेल असा माणूस घडविणे आपल्या हाती आहे.