सूर्य, विहीर आणि विजेचे मीटर

भारताच्या प्रस्थापित वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मा वाटा 2025 सालच्या जूनमध्ये खनिज इंधनावर न चालणाऱ्या केंद्रांचा झाला. पॅरिस करारान्वये हे उद्दिष्ट 2030 सालासाठी स्वीकारलेले होते; ते पाच वर्षे आधी गाठले गेले. ही कामगिरी सामान्य नव्हे. तथापि या आकड्याचा अर्थ लावताना एक गफलत हमखास होते. क्षमता म्हणजे वीज नव्हे. एक मेगावॅटचे केंद्र अहोरात्र पूर्ण ताकदीने चालले, तर ते वर्षाकाठी सुमारे 87 लाख युनिटे देईल. कोळशाचे केंद्र त्यातील मोठा हिस्सा पदरात टाकते. सौर केंद्राला मात्र रात्र असते, पावसाळा असतो. त्याची मजल साधारणतः 15 ते 20 लाखांपर्यंत जाते. म्हणूनच क्षमतेत निम्म्याच्या आसपास आलेला कोळसा, 2024-25 साली प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेत सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा राखून होता.

तेलाच्या दरवाढीचे चटके बसल्यानंतर सरकारने 1981 साली ऊर्जेच्या अतिरिक्त साधनांसाठी एक आयोग नेमला, पुढच्याच वर्षी स्वतंत्र विभाग उघडला आणि 1992 साली त्याचे मंत्रालय केले. ऊर्जासंवर्धनाचा कायदा मात्र 2001 साली झाला. नवी वीज निर्माण करण्याचा विचार आधी सुचावा आणि असलेली वीज नीट वापरण्याचा वीस वर्षांनी, हा क्रम मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. धरणाचे उद्घाटन करता येते. वाचलेल्या युनिटाची कोनशिला कोठे बसवावी?

वस्तुतः बचतीचा हिशेब सोपा आहे. साठ वॅटच्या जुन्या बल्बाइतका उजेड एलईडी दिवा आठ-नऊ वॅटमध्ये देतो. 2015 साली सुरू झालेल्या उजाला योजनेखाली असे 36 कोटींहून अधिक दिवे वाटले गेले, आणि खरेदी एकवटल्यामुळे त्यांची घाऊक किंमत तीनशेच्या घरातून थोड्याच वर्षांत चाळिशीच्या आत आली. दिवे लागतात ते सूर्य मावळल्यावर, नेमके सौर केंद्र थंडावलेले असते तेव्हा. तेव्हा संध्याकाळी वाचलेले युनिट दुपारी निर्माण झालेल्या युनिटाहून मोलाचे ठरते.

परंतु या धोरणाची खरी कसोटी शेतातील विहिरीवर आहे. देशात खपणाऱ्या विजेचा सुमारे सहावा हिस्सा शेतीला लागतो. महाराष्ट्रात शेतीची वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने आली, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्री दोन वाजता 'लाईट आली' म्हणजे शेतकऱ्याने विंचू, साप आणि आता अनेक तालुक्यांत बिबट्या यांच्या सोबतीने बारे धरावयाचे. यावर त्याने आपला उपाय शोधला: पंपाला 'ऑटो स्विच' बसविणे. लाईट येताच पंप आपोआप सुरू होतो. मग गावातील सारे पंप एकाच क्षणी भार घेतात, डीपी जळते, आणि जेथे पंप चालतो तेथे पाणी पीक भिजल्यानंतरही वाहत राहते. यास शेतकऱ्याचा बेजबाबदारपणा म्हणणाऱ्याने एक रात्र बांधावर काढून पाहावी.

2017 सालची महाराष्ट्राची सौर कृषी वाहिनी योजना आणि 2019 सालची केंद्राची कुसुम योजना यांनी हा भार दिवसाकडे वळविण्याचे काम हाती घेतले. सूर्य असेल तेव्हाच पंप चालावा, यासारखी सोय नाही. पाणी शेततळ्यात साठविता येते, विजेसारखी त्यास महागडी बॅटरी लागत नाही. येथे मात्र एक गोम आहे. ज्या विजेचे बिलच येत नाही, ती पाणी उपसताना कोणाचा हात आखडणार? विहिरींची पातळी आधीच खालावलेल्या भागात सौरपंप हे वरदान की नवे संकट, हे त्याला जोडलेल्या अटींवर ठरेल.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातील धुंडी गावच्या सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी स्थापन केली आणि 2016 साली शिल्लक वीज वीजकंपनीला विकण्यास आरंभ केला. त्या बदल्यात त्यांनी सवलतीच्या वीजजोडणीवरील आपला हक्क सोडला. अशा व्यवस्थेत वायफळ उपसलेले पाणी म्हणजे बुडालेली विक्री. मोटार बंद करण्यातच फायदा असतो. ठिबक संचाचा खर्चही मग निराळ्या दृष्टीने पाहिला जातो. विहिरीवर एकटा उभा असलेला सौरपंप मात्र आपली शिल्लक कोणास विकणार? त्याला वीजवाहिनीची तारच जोडलेली नसते.