'कब्जा' म्हणजे काय?

(डोंगरकडा येथील बैठकीतलं बोलणं. जमलं तसं उतरवून घेतलं आहे.)

आयाबायांनो, भावांनो,

आज सगळा कायदा वाचत नाही. एका शब्दावर बोलतो. मोजणीच्या दिवशी मी एका म्हाताऱ्या बाबांच्या शेजारी उभा होतो. साहेबांनी विचारलं, "या जमिनीवर तुमचा कब्जा आहे का?" बाबा घाबरले. म्हणाले, "नाही हो साहेब, आम्ही कोणाचं काही बळकावलं नाही." कागदावर उतरलं, 'कब्जा नाही'. सारा जन्म त्या तुकड्यात नांगर धरलेला माणूस! खोटं कोणीच बोललं नव्हतं. आपल्याकडं कब्जा म्हणजे दांडगाई, अन् कागदात कब्जा म्हणजे ताबा, वहिती. "इथं कोण पेरतं?" एवढंच विचारलं असतं, तर बाबांनी बांध न् बांध दाखवला असता.

तसंच आपलं 'बरं'. आपण "बरं साहेब" म्हणतो, म्हणजे ऐकलं. समोरचा लिहितो 'मान्य'. पटलं नसेल तर मान हलवू नका, "पटलं नाही" असं तोंडानं म्हणा. अवघड वाटतं, मला पण वाटायचं.

गावात एक बोलणं फिरतंय की तीन पिढ्यांचा कागद नसेल तर दावा जातो. हे अर्धं ऐकलेलं आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची अट इतर पारंपरिक वननिवासींना आहे. आदिवासींना ती नाही. आपल्याला 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनची वहिती दाखवायची आहे. अन् पुरावा म्हणजे नुसता सरकारी कागद नव्हे. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्याचं लिहून घेतलेलं सांगणंसुद्धा पुरावा आहे. मात्र एकावर थांबू नका, जोडीला दुसरा लावा.

निजामाच्या वेळचा कागद घरात असेल तर त्यावरचा सन बघा. फसली 1345 बघून एका पोरानं मला विचारलं, "एवढं जुनं, शिवाजी महाराजांच्या आधीचं?" फसली सनात 590 मिळवा, म्हणजे 1935 च्या आसपास येतं. हसू नका, शिकलेलेही इथं चुकतात.

आता करायचं काय? मोजणीला एकट्यानं जायचं नाही. वनहक्क समितीतलं कोणी अन् घरची बाई सोबत पाहिजे, कारण पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. शब्द कळला नाही तर म्हणा, "साहेब, आमच्या बोलीत सांगा." मग आपण काय समजलो ते त्यांना उलटं सांगा. पंचनामा मोठ्यानं वाचून घेतल्याबिगर अंगठा नाही. कोऱ्या कागदावर तर नाहीच, मग तो 'नुसता हजेरीचा' असला तरी.

त्या बाबांचं ग्रामसभेत पुन्हा लिहून घेतलं. त्यांच्याच शब्दांत, "मी पेरतो, माझा बाप पेरायचा."

ज्यांचा दावा उपविभागीय समितीनं फेटाळला, त्यांनी ते पत्र आजच दाखवा. वर अपील करायला निर्णयाच्या तारखेपासून 60 दिवस असतात. तारीख बघू अन् इथंच बसून दिवस मोजू.