मूळ आवाज कोणता? : ध्वनिमुद्रिकांच्या जतनाविषयी



फोंडा महालातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या सुरश्री केसरबाई केरकर यांचा आवाज १९७७ साली अंतराळात गेला. 'व्हॉयेजर' यानांबरोबर पाठविलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत त्यांची भैरवी आहे. अवधी सुमारे साडेतीन मिनिटे. उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीत घडलेल्या या गायिकेचा एकेक राग बैठकीत दीर्घकाळ रंगत असे. मग त्या साडेतीन मिनिटांत संपूर्ण केसरबाई सामावल्या काय?

याचे कारण यांत्रिक आहे. दहा इंची लाखेच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांहून फारसे अधिक गाणे मावत नसे. म्हणून कलावंत विस्तार आवरून रागाचा अर्क तेवढा देई. पुढे चुंबकीय फीत आली आणि बैठकीतले सलग गाणे टिपता येऊ लागले; परंतु अशा फिती पुष्कळदा कलावंताच्या संमतीवाचून झाल्या. त्यानंतर खरखर काढून उजळलेल्या आवृत्त्या आल्या. या तिन्ही रूपांतून संग्रहालयाने जपावे कोणते?

उजळलेली प्रत कानास गोड लागते. पण खरखरीबरोबर तंबोऱ्याची आस आणि आवाजाची धारही ती पुसू शकते. जुनी तबकडी चुकीच्या गतीने वाजविली तर षड्जच सरकतो, लयही बदलते. मूळ वस्तू टाकून दिली की असा दोष पुढे कोणास तपासता येत नाही. म्हणून ध्वनिसंग्रहालयांचा आंतरराष्ट्रीय दंडक असा, की मूळ तबकडी वा फीत जपावी, तिची कोणताही फेरफार न केलेली प्रत करावी आणि सफाई करावयाची ती दुसऱ्या प्रतीवर.

सर्वच जपण्याइतके द्रव्य नसेल तेव्हा ज्याची दुसरी प्रत कोठेही नाही, ते प्रथम घ्यावे. बाजारात विकली गेलेली तबकडी अन्यत्र मिळू शकेल. देवळाच्या उत्सवात टिपलेली, फारशा प्रसिद्धीस न आलेल्या भजनकाराची एकुलती फीत मिळणार नाही. गोव्याच्या दमट हवेत बुरशी कोणासाठी थांबत नाही.

महाजनांच्या घरोघरी अशा फिती कपाटांत पडून असतील. त्या टाकून देण्यापूर्वी, कोण गायिले, केव्हा, कोणत्या उत्सवात आणि संमती होती की नव्हती, एवढे तरी लिहून ठेवावे. नाव हरवलेला आवाज कितीही सुरेल असला तरी पुढच्या पिढीस तो आपल्या गावचा म्हणून ओळखता येणार नाही.