घरातील बटण आणि शिवारातील रोहित्र



वैरागसारख्या बाजारपेठेच्या गावी स्मार्ट स्विच म्हणजे मोबाईलवरून दिवा लावण्याची हौस, अशी समजूत सहज होते. वस्तुतः तो भिंतीत अखंड जागा राहणारा पहारेकरी आहे. त्याला स्वतःलाही वीज लागते. म्हणून बहुतेक प्रकारांत बोर्डामध्ये फेजबरोबर न्यूट्रलची तार असावी लागते. नवशिक्याने प्रारंभ एका दिव्यापासून करावा. मेन स्विच बंद करून जोडणी जाणत्या वायरमनकडूनच घ्यावी. गिझरसाठी १६ अँपिअर क्षमतेचा स्वतंत्र स्विच निवडावा.

खरा प्रश्न वीज खंडित झाल्यानंतरचा आहे. ती परतल्यावर स्विचने चालू व्हावे की बंद राहावे, हे अनेक स्विचांत आधी ठरविता येते. दिव्याचे काही बिघडत नाही. गिझर मात्र बंदच राहिला पाहिजे, कारण त्या वेळी घरात कोणी असेलच असे नाही.

बार्शी तालुक्यातील शेतकऱ्यास हा धडा परका नाही. कृषिपंपांचे ऑटोस्विच वीज येताच सारे पंप एकदम सुरू करतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. त्या भाराने रोहित्र जळते आणि ऐन गरजेच्या वेळी उभे पीक तहानलेले राहते. म्हणूनच ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसवावेत, असे आवाहन महावितरणने वेळोवेळी केले आहे.

शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी सभेत हे समजावून द्यावे. यंत्र आपोआप चालू होणे ही सोय खरी. पण ते केव्हा बंद राहावे, हे माणसानेच ठरवावयाचे असते.